गोकू हरू शकतो का? : ॲनिमेवरच्या फायटिंग गेमच्या वादाचा आढावा

२०२४ च्या दिवाळीत बहिणीकडे कोथरूडला गेलो होतो. हॉलमध्ये भाचा आणि त्याचा मित्र टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते, दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर. ११ ऑक्टोबरला बाजारात आलेला ‘ड्रॅगन बॉल : स्पार्किंग! झीरो’ चालू होता. भाच्यानं मालिकेचा नायक गोकू घेतला होता. त्याच्या एका फटक्यात डोंगर उडतो. मित्रानं घेतला मिस्टर सेटन. हा झुबकेदार केसांचा, बढाईखोर, पृथ्वीवरचा साधा पैलवान. मालिकेत त्याला उडता येत नाही, गेममध्येही येत नाही. तरी चार मिनिटांत गोकू आडवा पडला.

भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, हे काय आहे? हा माणूस गोकूला हात तरी लावू शकेल का?”

मित्र म्हणाला, “मग खेळायचं कशाला? ॲनिमेच बघत बस ना.”

जपानी ॲनिमेशन मालिकांवर, म्हणजे ॲनिमेवर बेतलेल्या फायटिंग गेमभोवती गेली तीसेक वर्षं वाद चालू आहे. त्याच्या दोन्ही बाजू या दोन वाक्यांत आल्या. लढतीचा निकाल कथेनं ठरवायचा की नियमानं? पुढे या प्रश्नाला आणखी फाटे फुटले. दोन खेळाडूंमधली इंटरनेटची तार निकाल ठरवू लागली, मग परवाने आणि कायदे आले. पुण्यापुरता एक फाटा वेगळाच आहे. इथे गेम खेळले जातात तसे बनवलेही जातात.

पार्लरमधली पिढी

‘ड्रॅगन बॉल’ ही अकिरा तोरियामा यांची चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात आली. समोरासमोरच्या लढतीच्या गेमला आजचा साचा दिला तो १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’नं. दोन योद्धे, प्रत्येकाचे ठरलेले डाव, वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या. या दोन गोष्टींची सोयरीक जुळणं अटळ होतं. मालिकेतल्या योद्ध्याच्या प्रत्येक डावाला नाव असतं, तो डाव टाकताना तो नाव ओरडून सांगतो, आणि त्याची शक्ती आकड्यात मोजली जाते. निम्मा गेम चित्रकथेतच लिहिलेला होता. १९९३ साली ‘ड्रॅगन बॉल झी : सुपर बुतोदेन’ आला. त्यात दोन योद्धे उडत एकमेकांपासून फार दूर गेले, की पडदा मधोमध दुभंगायचा. मालिकेचं आकाश टीव्हीच्या चौकटीत कसं बसवायचं, ही अडचण अगदी सुरुवातीलाच समोर आली होती.

त्यानंतर दोन वाटा झाल्या. २००२ च्या ‘बुदोकाई’नं बाजूनं दिसणारी लढत ठेवली. २००५ पासूनच्या ‘बुदोकाई तेंकाइची’ मालिकेनं कॅमेरा योद्ध्याच्या पाठीमागे नेला आणि मोकळं मैदान दिलं. फुकुओकाच्या सायबरकनेक्ट-टू या कंपनीनं २००३ पासून ‘नारुतो’ या ॲनिमेवर असेच गेम केले आणि २००८ मध्ये प्लेस्टेशन थ्रीवर ‘अल्टिमेट निन्जा स्टॉर्म’ आणला.

आपल्याकडे हे सगळं वेगळ्याच रस्त्यानं आलं. शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कार्टून नेटवर्कच्या ‘तूनामी’मध्ये ‘ड्रॅगन बॉल झी’ लागायचं. २००४ मध्ये ॲनिमॅक्स वाहिनी आली. शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणारी ती मुलं चार-पाच वर्षांत कॉलेजात गेली आणि गेम पार्लरमध्ये दिसू लागली.

सदाशिव पेठेतल्या एका गल्लीतलं पार्लर मला स्पष्ट आठवतं. जुन्या वाड्याची पुढची खोली, ओळीनं चार टीव्ही, खाली प्लेस्टेशन टू, बसायला प्लॅस्टिकची स्टुलं. डिस्कवर मार्करनं नाव लिहिलेलं असे. ती मूळ प्रत नसायची, हे सगळ्यांना माहीत होतं. चार टीव्हींपैकी दोनांवर क्रिकेट किंवा गाड्या असत आणि एकावर कायम ‘तेंकाइची थ्री’. २००७ च्या या गेममध्ये १६१ योद्धे होते. हरेल तो उठेल, पुढचा बसेल. कागदावर काही नसलं तरी नियम पक्के होते : तोच तोच डाव तीनदा मारायचा नाही, पळत राहायचं नाही, नवख्याच्या पहिल्या लढतीत मोठं रूप घ्यायचं नाही. नियम मोडला की मागे उभे असलेलेच ओरडत. शिकायचं तेही मागे उभं राहूनच. जिंकणाऱ्याचा अंगठा कुठे जातो ते त्याच्या खांद्यावरून बघायचं. तालमीत नवं पोर वस्तादाचं बघत शिकतं तसं.

पुढे मोबाइल आला, स्वस्त डेटा आला आणि अशी पार्लरं एकेक करून मिटली. काहींची जागा महागड्या गेमिंग कॅफेंनी घेतली, पण तिथे मुख्यतः नेमबाजीचे सांघिक गेम चालतात. नेमक्या याच काळात ॲनिमेचा प्रेक्षक मात्र फुगला. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागावा म्हणून चाहत्यांना ऑनलाइन अर्ज करावा लागला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ जपानी-इंग्रजीबरोबर हिंदी, तमीळ आणि तेलुगूतूनही आला आणि पहाटेचे खेळ भरले. फर्ग्युसन रस्त्यावर टी-शर्टांच्या हातगाडीवर आज ॲनिमेतले इटाची आणि झोरो टांगलेले दिसतात. प्रेक्षक वाढला, पण शेजारी बसून लढायची जागा आटली. पुढचे बरेचसे वाद या विसंगतीतून निघतात.

कथेची बाजू

एक पक्ष म्हणतो, मालिकेचं नाव लावायचं तर मालिकेशी इमान हवं. या गेमचा ग्राहक आधी प्रेक्षक असतो. त्यानं दहा वर्षं त्या माणसांबरोबर काढलेली असतात. गोकू आणि खलनायक फ्रीझा नामेक ग्रहावर भिडले की त्याला तो प्रसंग पुन्हा जगायचा असतो, आणि या वेळी आपल्या हातानं. बलाबलातली तफावत हीच या कथांची जान आहे. दुबळा माणूस बलवानासमोर उभा राहतो, मार खातो, पुन्हा उठतो. सगळ्यांना सारखं केलं तर उरतात फक्त वेगवेगळे कपडे.

ही बाजू भाबडी नाही. तिच्या पाठीशी खऱ्या कारागिरीची परंपरा आहे. सायबरकनेक्ट-टूच्या २०१६ च्या ‘स्टॉर्म फोर’मध्ये नारुतो आणि सासुके यांची शेवटची झुंज खेळताना आपण कथा बघतोय की खेळतोय, हे कळेनासं होतं. ‘स्पार्किंग! झीरो’नं सुरुवातीलाच १८२ योद्धे दिले. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या काळातल्या रूपांना स्वतंत्र जागा दिली आणि त्यांची ताकद मुद्दाम असमान ठेवली. पहिल्या चोवीस तासांत त्याच्या तीस लाख प्रती गेल्याचं प्रकाशक बंडाई नामकोनं जाहीर केलं. असमान लढत लोकांना हवी आहे, याचा इतका ठोस पुरावा याआधी नव्हता.

पण इमान म्हणजे पात्रांची यादी भरणं नव्हे, हेही याच बाजूच्या इतिहासानं दाखवलं. २०१९ च्या ‘जंप फोर्स’मध्ये वेगवेगळ्या मालिकांचे नायक, गोकू, नारुतो, लुफी, एकत्र होते. चाहत्यांना याहून काय हवं? तरी त्यावर टीकाच जास्त झाली, कारण सपाट रेषेत जन्मलेल्या चेहऱ्यांना खऱ्या माणसाची कातडी चढवली होती. डोळे ओळखीचे, पण चेहरा परका.

चित्र गेममध्ये जिवंत ठेवायचं कसं, याचं सर्वांत चांगलं उत्तर योकोहामाच्या आर्क सिस्टम वर्क्सनं दिलं. त्यांच्या जुन्या ‘गिल्टी गिअर’ मालिकेच्या नव्या भागासाठी तयार झालेली पद्धत त्यांनी जानेवारी २०१८ च्या ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’मध्ये वापरली. पुतळे त्रिमितीय असतात, पण डोळ्याला हातानं काढलेलं चित्र दिसतं. सावली कुठे पडावी हे संगणकावर न सोडता चित्रकार पुतळ्याच्या पृष्ठभागावर ती हातानं ठरवतो. हालचालीतही एका पोझमधून दुसरीत घरंगळत जाणं टाळलेलं असतं. गेम सेकंदाला ६० चौकटी दाखवत असतो, पण पोझ काही चौकटी गोठून राहते आणि मग एकदम पुढची येते, कमी चित्रांत काम भागवणाऱ्या टीव्ही मालिकेसारखी. कॅमेरा जवळ आला की मुठी मोठ्या होतात, नाक कोनाप्रमाणे सरकतं. जे खोटं आहे ते चित्राच्या भाषेत खरं वाटावं म्हणून पुतळा अक्षरशः वाकवलेला असतो.

नियमाची बाजू

गंमत अशी की कथेला दृश्यात इतकं जपणारा ‘फायटरझी’ निकालाच्या बाबतीत मात्र पूर्णपणे नियमाच्या बाजूचा आहे. तीन विरुद्ध तीन लढत, आणि त्यात गोकूचा मित्र क्रिलिन फ्रीझाला हरवू शकतो. मालिकेत फ्रीझानंच क्रिलिनला ठार केलं होतं.

या पक्षाचं म्हणणं आपल्याला परकं वाटू नये. कुस्तीत बघणारा डावाला दाद देतो. समोरचा थोराड असला तरी ढाक किंवा धोबीपछाड बसली की पाठ लागतेच. पण डाव बसायला तो टाकायला मोकळीक लागते, आणि समोरच्याला प्रतिडावही लागतो. फायटिंग गेममध्ये ही मोकळीक चौकटींत मोजतात. ‘फायटरझी’मध्ये बहुतेक योद्ध्यांचा सर्वांत चपळ ठोसा सहाव्या चौकटीला लागतो. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. जोरकस फटका त्याहून उशिरा लागतो, पण लागला की त्याच्या मागे दहा-पंधरा फटक्यांची माळ ओवता येते. जोरकस फटका अडवला गेला, तर मारणाराच काही चौकटी उघडा पडतो. या देवघेवीत खेळाडू समोरच्याचं मन वाचतो. प्रत्येक योद्ध्याला काही जमतं, काही जमत नाही, म्हणून निवडीला अर्थ येतो. एकच योद्धा सगळ्यांहून वरचढ झाला की सगळे तोच घेतात, आणि यादीतली बाकीची नावं फक्त कव्हरवर उरतात.

या बाजूचा पुरावा स्पर्धांच्या मैदानात आहे. अमेरिकेत लास व्हेगासला भरणारी ‘इव्हो’ ही फायटिंग गेमची सर्वांत मानाची स्पर्धा. २०१८ मध्ये तिथे ‘फायटरझी’साठी अडीच हजारांहून जास्त खेळाडू उतरले, त्या वर्षीच्या इतर कुठल्याही गेमपेक्षा अधिक. अंतिम फेरीत अमेरिकेच्या सॉनिकफॉक्सनं जपानच्या गोइचीला हरवलं. पुढच्या वर्षी गोइचीनं परतफेड केली. कार्टूनवरचा गेम म्हणजे खेळणी विकायचं साधन, हा शेरा त्यानंतर कुणी गंभीरपणे मारला नाही.

दोन्ही पक्षांना सांधायचा प्रयत्नही झाला आहे, आणि माझ्या मते तो या सगळ्या वादातला सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न आहे. ‘स्पार्किंग! झीरो’मध्ये एका प्रकारच्या लढतीत प्रत्येक योद्ध्याला किंमत असते, आणि संघ १५ गुणांत बसवावा लागतो. बलवान घेतला की गुण संपले, एकटाच उभा राहा. हलके घेतले तर पाच जण आणता येतात. कुस्तीतल्या वजनी गटांची आठवण येते, फरक एवढाच की इथे भारी आणि हलके एकाच आखाड्यात उतरतात आणि तागडी संघाच्या पातळीवर समान होते. कथेतली विषमता शाबूत राहते, खेळही न्याय्य राहतो. मात्र वाद यानं संपत नाही, एक पायरी पुढे सरकतो. कुणाची किंमत किती, हे ठरवणार कोण? मिस्टर सेटनसारखा स्वस्त योद्धा जाणत्या हातात गेला की त्याच्या किमतीहून कितीतरी जास्त काम करतो. भाच्याची तक्रार नेमकी तिथली होती.

मधली तार

तिसरा मुद्दा मैदानाचा आहे. शेजारी बसून खेळताना हा प्रश्नच नव्हता. ऑनलाइन खेळताना पुण्यातल्या मुलानं बटण दाबलं, तर ते सिंगापूरच्या खेळाडूच्या पडद्यावर कधी दिसणार? मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन हिशेब केला तर ३९ मिलिसेकंद. हा झाला निसर्गाचा किमान दर. खरी तार वाकडीतिकडी जाते, मधे थांबे असतात, त्यामुळे प्रत्यक्ष वेळ बरीच जास्त होते. गेमची एक चौकट असते जेमतेम १७ मिलिसेकंदांची. सहा चौकटींचा ठोसा ओळखून अडवायचा असेल आणि त्यातल्या तीन-चार चौकटी रस्त्यातच गेल्या, तर सराव कितीही असो, हात उशिराच पोचणार.

यावर दोन उपाय आहेत. जुन्या पद्धतीत दोघांचेही फटके थोडे थोडे उशिरा दाखवतात, म्हणजे दोघंही सारखेच चिखलात. दुसऱ्या पद्धतीला ‘रोलबॅक’ म्हणतात. समोरचा आता काय दाबेल याचा गेम अंदाज बांधतो, थांबत नाही, आणि अंदाज चुकला तर क्षणात मागे जाऊन चित्र दुरुस्त करतो. ‘इव्हो’च्या संस्थापकांपैकी एक, टोनी कॅनन, यांनी २००६ च्या सुमारास याची ‘जीजीपीओ’ नावाची प्रणाली केली. ‘फायटरझी’ २०१८ मध्ये जुन्या पद्धतीनं आला. रोलबॅकची घोषणा २०२२ ची, आणि तो हातात पडला फेब्रुवारी २०२४ मध्ये, गेम येऊन सहा वर्षं झाल्यावर. टोकियो किंवा लॉस एंजेलिसमधल्या खेळाडूला शेजारच्या गल्लीत तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. पुण्यातल्या मुलाला परदेशात शोधावा लागतो. त्यामुळे या उशिराची झळ आपल्याकडे जास्त बसली, आणि ती बसल्याची नोंद कुठे झाली नाही. इथली मुलं नुसतीच दुसऱ्या गेमकडे वळली.

याच्या उलट, एका खोलीत बसून खेळण्याकडे बनवणाऱ्यांचं लक्ष कमी झालं. ‘स्पार्किंग! झीरो’ बाजारात आला तेव्हा एका टीव्हीवर दोघांना खेळायला एकच मैदान होतं : मालिकेतली ती पांढरी, रिकामी काळखोली, जिथे आतलं एक वर्ष म्हणजे बाहेरचा एक दिवस. पडदा दोन भागांत दाखवायचा तर यंत्रावर ताण येतो, हे कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं आहे. पण ज्या देशात हा गेम पार्लरच्या स्टुलावर शिकला गेला, तिथे ती पांढरी खोली फार मोकळी वाटली.

घरातला प्रश्न

पालकांचा वाद मात्र वेगळाच असतो : हाणामारीचे गेम मुलांना बिघडवतात का? यावर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०१५ मध्ये ठराव केला आणि २०२० मध्ये तो सुधारला. ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वर्तनाशी लहानसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसेचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असं त्या सुधारणेत स्पष्ट केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत जागा दिली, ती यादी २०२२ पासून लागू झाली. आजार ठरायला ताबा सुटणं आणि इतर सगळ्या आयुष्याची आबाळ होणं ही लक्षणं लागतात. रोज तासभर खेळणं त्यात येत नाही. फायटिंग गेमची एक लढत काही मिनिटांत संपते, न संपणाऱ्या गेमच्या तुलनेत हे बरंच. मात्र हरल्यावर ‘अजून एक’ म्हणण्याची ओढही त्याच आखूडपणातून येते. या दोन्हींत जास्त वजन कशाला, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

पुण्यातले कारखाने

आता तो पुणेरी फाटा. जपानशी पुण्याचं नातं जुनं आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवली जाते, सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर उभी आहे. पूर्वी जपानी शिकणाऱ्याला कारण विचारलं की कंपनीतली नोकरी हे उत्तर यायचं, आज पहिल्या ओळीत ॲनिमेचं नाव येतं. गोकूचा मूळ आवाज मासाको नोझावा या १९३६ साली जन्मलेल्या आजींचा आहे, हे मला एका अशाच विद्यार्थिनीनं सांगितलं.

गेम बनवण्याचा धंदाही इथे रुजलेला आहे. युबिसॉफ्टनं २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं करायचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं, पण २०२२ मध्ये ते मॉन्ट्रियलला गेलं. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ‘इंडस’ हा गेम २०२४ मध्ये आणला. त्याआधी २०२१ मध्ये बंडाई नामकोच्या मोबाइलवरच्या ‘पॅकमॅन’साठी त्यांचं तंत्र निवडलं गेलं होतं. म्हणजे ज्या कंपनीच्या शिक्क्यानं गोकू विकला जातो, तिचं थोडं काम पुण्यातून चालतं.

प्रश्न असा की इथून स्वतःचा फायटिंग गेम का निघत नाही? सर्वांत जवळ पोचला तो नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला. भावाला शोधत निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ, राजस्थानी वास्तू, आणि दुर्गा-विष्णूंच्या तोंडून उलगडत जाणारी कथा. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पण तो साहसाचा गेम आहे, समोरासमोरच्या द्वंद्वाचा नाही.

काही जण म्हणतात, अडचण पैशाची आणि अनुभवाची आहे. द्वंद्वाच्या गेममध्ये प्रत्येक योद्ध्याचं काम जवळजवळ स्वतंत्र गेमइतकं असतं, आणि आपल्याकडचा बाजार मोबाइलचा. दुसऱ्यांचं म्हणणं, अडचण पात्रांची आहे. आपले योद्धे बहुतेक पूज्य आहेत. २००९ मध्ये हैदराबादेत बनलेल्या ‘हनुमान : बॉय वॉरियर’वर, मग २०१२ मध्ये ‘स्माइट’ या परदेशी गेममधल्या कालीमातेच्या रूपावर आक्षेप आले. निरनिराळ्या धर्मांच्या देवांना झुंजवणाऱ्या ‘फाइट ऑफ गॉड्स’वर २०१७ मध्ये मलेशियानं बंदी घातली. फायटिंग गेममध्ये कुणीतरी हरावंच लागतं, आणि देव हरताना कसा दाखवणार?

दोन्ही कारणं खरी आहेत, पण दुसऱ्याला उत्तर आहे असं मला वाटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. मर्दानी खेळांची सगळी शब्दसंपदा, पवित्रे, फेकी, तालमींतले डाव, हे कुणा देवाचं नाही, माणसाच्या अंगाचं आहे. काल्पनिक पात्रं घेऊन त्या हालचाली गेममध्ये आणायला आडकाठी नाही. आडकाठी आहे ती हालचाल चौकटीत मोडून बघणाऱ्या हातांची. २००८ मध्ये फ्रेंच संस्थेच्या साथीनं फुरसुंगीला सुरू झालेल्या डीएसके सुपइन्फोकॉमनं अशा हातांची एक पिढी घडवली. आज एमआयटी-एडीटीसारख्या संस्थांत गेम डिझाइन शिकवलं जातं, आणि राज्य सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. या सगळ्यातून दहा वर्षांत एक पूर्ण लांबीचा फायटिंग गेम उभा राहतो का, यावर स्टुडिओंमधले लोकही एका बोलीनं बोलत नाहीत.

मालक आणि कायदा

उधारीच्या पात्रांचा आणखी एक पैलू आहे. परवाना संपला की गेम जातो. ‘जंप फोर्स’ फेब्रुवारी २०२२ मध्ये विक्रीतून काढला गेला, तीन वर्षांत. २००७ ची ‘तेंकाइची थ्री’ची डिस्क आजही लावली तर चालते. मालिका, चित्रकथा आणि गेम यांचे हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात. त्यामुळे गेम जपून ठेवणं हे काम कुणाच्याच वाट्याला येत नाही. स्पर्धांतही हे दिसतं. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई खेळांसाठी ‘स्ट्रीट फायटर’, ‘टेक्केन’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स’ निवडले गेले. ॲनिमेच्या मायदेशी भरणाऱ्या या स्पर्धेत द्वंद्वासाठी ॲनिमेवरचा एकही गेम नाही.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आलं. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैजेच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. त्यातल्या व्याख्येप्रमाणे प्रवेश शुल्क घेता येतं, कामगिरीवर बक्षीस देता येतं, पैज मात्र चालत नाही. मोठ्या आयोजकांना हे सोयीचं आहे. नोडविन गेमिंग या भारतीय कंपनीकडे २०२४ पासून कॉमिक कॉन इंडिया आहे, आणि २०२५ मध्ये तिनं ‘इव्हो’मध्येही वाटा घेतला. ॲनिमेचा मेळा आणि द्वंद्वाची पंढरी यांत एकाच भारतीय कंपनीचा हात, ही आपल्या खेळाडूंसाठी मोठी संधी ठरू शकते. पण वीस पोरांनी शंभर-शंभर रुपये काढून कॅफेत शनिवारी स्पर्धा भरवली, आणि जमलेली रक्कम पहिल्या तिघांना दिली, तर ती नोंदणीकृत ई-स्पोर्ट आहे की आणखी काही? इतक्या लहान पातळीवर कायद्याचं बोट कुठे टेकतं, हे अजून ठरायचं आहे. फायटिंग गेमची संस्कृती जगभर अशाच शनिवारांतून वाढलेली आहे.

भाषेचं तर कुणी नावही काढत नाही. डब केलेल्या मालिका आणि चित्रपट हिंदी, तमीळ, तेलुगूपर्यंत आले, मराठी अजून बहुतांशी दाराबाहेरच आहे, आणि गेममध्ये तर यांतली एकही नाही. तरी खेळताना मुलं मराठीतच बोलतात. ‘कोपऱ्यात घेतला’, ‘हवेत झेलला’, ‘मोकळा सापडला’ अशी डावांची नावं तोंडी तयार झालेली आहेत.

त्या दिवाळीला शंकरपाळ्यांची वाटी दोघांच्या मधे ठेवून मी तिथेच बसलो. भाच्याचा राग उतरला नव्हता. पुढची लढत सुरू होण्याआधी त्यानं अट घातली : तू पुन्हा सेटन घे, मी गोकूच घेतो, पण मी सुपर सैयनचं मोठं रूप घेणार नाही आणि उडणारही नाही. मित्रानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “मग मी पण पळणार नाही.” गेममध्ये असा नियम लावायची सोय नव्हती, त्यामुळे बटणं होती तशीच राहिली. त्या पांढऱ्या रिकाम्या खोलीत गोकू पायी चालत पुढे आला.